शेंदराखालचं नाव

चुरीवकिलांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "घ्या शरीफमियाँ, प्रसाद. तुमच्याच मुलखातला आहे." ठाण्याच्या कोर्टात दुपारच्या सुट्टीत बाररूममध्ये कोणी ना कोणी प्रसाद वाटतच असतं. कोणाकडे सत्यनारायण झालेला असतो, कोणाची मुलगी पास झालेली असते. मी मुसलमान म्हणून मला कोणी वगळत नाही आणि मीही कधी नको म्हणत नाही. गोड असेल तर दोनदा हात पुढे करतो, यावरून माझी थट्टाही होते. तुकडा तोंडात टाकणार, एवढ्यात त्याच्या कडेला लागलेला शेंदूर दिसला. "माझ्या मुलखातला म्हणजे कुठला?" मी विचारलं. "करवंदपाडा. मोखाड्याच्या पुढचा. विसरलात की काय? आमच्या हेमाडे कंपनीने तिथल्या देवावर छप्पर घातलं. परवा उद्घाटन झालं, नारळ मीच फोडला." एवढं बोलून ते पुढच्या टेबलाकडे वळले. त्यांच्या स्टीलच्या डब्यात अजून बरेच तुकडे होते. चुरी माणूस वाईट नाही. पालघरकडचे, वाडीत वाढलेले, अशिलाच्या चपलांकडे न बघता बोलणारे. म्हणूनच त्यांचा राग करणं मला कधी नीट जमलेलं नाही, आणि न जमलेला राग फार दिवस टिकतो.

तुकडा खाल्ला नाही. टाकलाही नाही. मुठीत धरून नळापाशी गेलो, नळ सोडला आणि हात न धुताच बंद केला. मग तो रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवला आणि दुपारी एका भाडेकरूच्या दाव्यात उभा राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. न्यायाधीशांनी एकदा विचारलं, "वकीलसाहेब, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, ठीक आहे. ठीक होतोच. फक्त करवंदपाड्याचा देव म्हणजे काय हे त्या अख्ख्या इमारतीत चुरींना आणि मला, दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक जण नारळ फोडून आला होता. तो देव म्हणजे हातभर लांबीची नळी आहे. फायबरची, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. विजेच्या खांबावर, उंचावर, चिनी मातीच्या बुंध्याला अडकवलेली असते. लाईनवाले तिला डीओ म्हणतात. तारेवर जास्त भार आला की तिच्या आतली तार वितळते, नळी सुटून खाली लोंबते आणि पुढचा प्रवाह तुटतो. सुटताना तिच्या तोंडातून विस्तव उडतो. तो किती उडावा याला काही हद्द असते, आणि नीट बनवलेली नळी ती हद्द पाळते. करवंदपाड्यावरच्या नळीने पाळली नाही. टोपीचे आटेच धड बसलेले नव्हते. टोपी उडाली, नळी खांबावर राहिलीच नाही, जळत खाली आली. खाली फाल्गुनातलं गवत होतं, कमरेएवढं, वाळून खडखडीत.

तार पाड्याच्या डोक्यावरून मोखाड्याला गेलेली होती. पाड्यात विजेचा दिवा नव्हता. हे मी हेमाडे कंपनीवरच्या दाव्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं आणि माझ्या सिनिअरनी ते खोडलं होतं, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नव्हता. खरंच नव्हता. पण मला अजून तेच आधी आठवतं. वर तार, तारेतून जाणारा कोणाचा तरी पंखा, आणि खाली माझ्या अशिलाच्या, देवजीच्या झोपडीत माझ्या बापाने बनवलेली पत्र्याची, रॉकेलची चिमणी. ती मी त्या घरात, म्हणजे घराच्या राखेत, स्वतः पाहिली होती. चेपलेली, काळी पडलेली, बुडाला खिळ्याने उठवलेले तीन ठिपके. आमच्या अब्बांची खूण. जव्हारच्या बाजारात कुतुबुद्दीन पत्रेवाल्याचं दुकान म्हणजे एक ओटा आणि एक ऐरण, पण मोखाड्यापर्यंतच्या पाड्यापाड्यांतून त्यांच्या चिमण्या जळायच्या. ठिपके कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, "गळली तर माझ्याकडे आणतील. दुसऱ्या कुणाच्या अंगावर का जावी?" आणि एक खरंच गळली. खोडाळ्याच्या बाजूला एका म्हातारीच्या घराचा कूड, काटक्या-मातीची भिंत, जळाला. तिने नुसती चिमणी आणून ओट्यावर उलटी ठेवली. अब्बांनी ठिपके पाहिले, ऐरण झाकली, आणि पुढचा आठवडाभर तिच्या घरी राहून कारवीचा कूड परत बांधून दिला, घरी येऊन अम्मीच्या शिव्या खाल्ल्या आणि मरेपर्यंत त्या म्हातारीच्या नावाने कुरकुरत राहिले. थोर वगैरे काही नव्हते. आठवण काढली की म्हणायचे, रॉकेल तिनेच शिगोशीग भरलं असणार. पण कूड बांधून दिला होता. पुढे मी कायदा शिकलो तेव्हा कळलं की अब्बांनी उगाच धावपळ केली. म्हातारीने चिमणी बाजारात तिसऱ्याच माणसाकडून घेतली होती, तेव्हा तिचा आणि अब्बांचा करार मुळी झालेलाच नव्हता.

हेमाडे कंपनीचं पहिलं म्हणणं तेच होतं. आम्ही माल विकला तो लाईन टाकणाऱ्यांना. देवजी बिन मंगळू आणि त्याची बायको बुधी यांनी आमच्याकडून काहीच विकत घेतलेलं नाही, मग आमचं त्यांच्याशी नातं काय? चुरींनी हे इतक्या सौजन्याने मांडलं की ऐकणाऱ्याला वाटावं, देवजीनेच कंपनीशी ओळख नसताना तिच्या घरात शिरून दंगा केला. मी म्हणालो, ज्याच्या डोक्यावर तुम्ही विस्तव टांगता त्याच्याशी तुमचं नातं टांगल्या क्षणी जुळतं. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. रात्री बायकोला, झरीनाला म्हणूनही दाखवलं होतं. ती म्हणाली, "चांगलं आहे, पण कोर्ट शायरी ऐकतं का?" कोर्टाने निदान ऐकून घेतलं. कोर्ट म्हणालं, हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण आधी हे दाखवा की नळी यांचीच होती. लाईनवाल्यांकडे तिघा-चौघांचा माल असे. खांबावरचा मातीचा बुंधा त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलून नेला होता. उरली ती नळी, आणि नळीच्या टोपीवर ठोकलेलं बनवणाऱ्याचं नाव.

आणि ती नळी देवजीने बसवली होती.

संध्याकाळपर्यंत आग डोंगराच्या पलीकडे उतरली तेव्हा देवजी खांबाखाली गेला. त्याची मुलगी सुकी तोवर सापडली होती. आठ-नऊ वर्षांची असेल, मोहाची फुलं वेचून कातळावर वाळत घालायला गेली होती. याहून जास्त मी दाव्यातही लिहिलं नव्हतं आणि इथेही सांगणार नाही. खांबाखाली राखेत त्याला ती नळी मिळाली, अजून गरम. पाड्यातल्या जाणत्या माणसांनी सांगितलं, याला मोकळा ठेवू नको. वाघ माणूस खातो म्हणून शिवेवर वाघ्या बसवतात, त्याला कोंबडा देतात, म्हणजे मग तो पाड्यात येत नाही. हे त्याच रीतीने झालं. तारेवरून उतरून खाल्लं, तेव्हा त्याला बसवा. त्याच खांबाखाली दगड मांडून देवजीने नळी उभी पुरली, तेल-शेंदूर लावला. पुढे दर अमावास्येला लावत राहिला. दावा नळीच्या पाहणीपर्यंत पोचला तोवर तीन सालं उलटून गेली होती आणि शेंदराचा थर अंगठ्याएवढा जाड झाला होता. टोपी कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं.

पुरावा म्हणून त्याची पाहणी करायला कोर्टाने एक कमिशनर नेमला. जव्हारहून जीप केली. चुरी, मी, कमिशनर आणि दोन पंच. वाटेत चुरींनी शिरपामाळ पाहायचं आहे म्हणून गाडी थांबवली, महाराज तिथे उतरले होते वगैरे मलाच सांगितलं, फोटो काढले. मी जव्हारचा, तो माळ माझ्या शाळेच्या सहलींनी झिजवलेला, पण मी गप्प ऐकून घेतलं. पाड्यात देवजी आणि बुधी उभेच होते. मी देवजीला बाजूला घेऊन समजावलं. ही नळी काढून कोर्टात दे. तिच्यावरचं नाव वाचलं की आग तू लावली नाहीस हे सिद्ध होतं. कारण तोवर जंगलखात्याच्या गार्डाने त्याच्यावर केस केली होती. भाताच्या रोपांसाठी फांद्या-पाल्याचा राब भाजताना देवजीकडून वणवा लागला, असा कागद तयार होता. म्हणजे कागदावर सुकीला तिच्या बापाने जाळलं होतं. बुधीला पैसे नको होते असं मी म्हणणार नाही, गरिबाला पैसे नको असतात असं लिहिणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पण जीपपाशी येऊन ती मला म्हणाली होती ते एवढंच, "वकीलदादा, येनी पोरीला नाय जाळली, असा सायबानी बोलायला पायजे. मोठ्यानी बोलायला पायजे."

देवजीने नळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नाय उठवायचा," म्हणाला.

"अरे, तुझ्यासाठीच चाललंय हे."

"हाय ना, ठावूक हाय. पन तो बसलाय. बसला तवापासून डोंगराला आग नाय लागली. आता उठवला आनि परत आला तं? माजी एक गेली. दुसऱ्यांची पोरां हायत पाड्यात." आणि मग मला समजावल्यासारखं, "कलईवाल्याच्या पोरा, तूच सांग, मी माझ्यापायी उठवू काय?" माझे अब्बा पत्र्याबरोबर भांडी कल्हईही करायचे, तेव्हा तिकडे मी कायमचा कलईवाल्याचा पोर.

मला देवजीचा भयंकर राग आला. अजून आहे. स्वतःच्या सुटकेची चावी स्वतः पुरून तिच्यावर तेल ओतणारा माणूस, आणि वर मलाच विचारणार, तूच सांग. काय सांगणार होतो? त्याच्या हिशेबात चूक कुठेच सापडत नव्हती, याचाही राग आला. कमिशनर म्हणाला, जागेवरच शेंदूर खरवडून नाव वाचायला हरकत नाही, नळी हलवायची गरज नाही. देवजी दगडासमोर जाऊन बसला. तेव्हा चुरींनी खिशातून छोटा चाकू काढला, पातं उघडलं आणि मूठ माझ्याकडे करून म्हणाले, "घ्या शरीफमियाँ. पुरावा तुमचा, तुम्हीच खरवडा." किती साधेपणाने म्हणाले. पंच माझ्याकडे बघू लागले. मोखाड्याहून दोन-चार रिकामटेकडे आलेले होते, तेही बघू लागले. दंगलीत भिवंडी जळून फार वर्षं झाली नव्हती. झरीनाचं माहेर भिवंडीचं. मुसलमान वकील देवाचा शेंदूर चाकूने खरवडतो आहे, हे त्या उन्हात मला बाहेरून दिसलं, वर्तमानपत्रात छापल्यासारखं.  आणि समजा मी खरवडलंच असतं तरी चुरी कोर्टात म्हणाले असते की नाव खरवडताना उमटवलं. ते त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसत होतं. मी चाकू मिटून परत दिला. कमिशनरने लिहिलं, "शेंदूर लावलेली एक उभी वस्तू. बनवणाऱ्याचं नाव वाचता येत नाही."

नंतर जे झालं ते कोर्टात रोज होतं. चुरींनी उलटतपासणीत देवजीला विचारलं, "तू राब भाजतोस?" देवजी म्हणाला, "भाजतो तं. नाय भाजला तं भात कसा व्हईल?" त्या साली वणवा लागला तेव्हा राब अजून रचलासुद्धा नव्हता, झाडांच्या फांद्या तोडायच्याच होत्या, पण तसं कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही ते सांगायची देवजीला सवय नाही. मी फेरतपासणीत विचारलं, पण तोवर लेखनिकाचं 'भाजतो' लिहून झालं होतं. दावा फेटाळला. गार्डाने जव्हारला केलेल्या केसमध्ये देवजीला दंड झाला. निकाल ऐकून बुधीने मला विचारलं, "सायेब काय बोलला?" मी म्हणालो, "नाव वाचता येत नाही म्हणाला." ती एस. टी. डेपोपर्यंत माझ्या बाजूने चालत आली. वणवा कुठेही लागो, गार्ड त्यानंतर पहिलं नाव देवजीचं घ्यायचा. चार वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, कामातून सवड कुठे आहे. सवड होती, रविवार सगळे माझेच होते.

प्रसाद मिळाला त्या रात्री झरीनाने कोट झटकताना रुमाल काढला. "हे काय?" मी सांगितलं. तिने तुकडा नाकाशी नेला, म्हणाली, "खवट होईल. खा नाहीतर परत नेऊन ठेव." तिला कशाचंच फार गूढ वाटत नाही. त्यामुळेच मी आजवर शहाणा राहिलो असेन. रविवारी सकाळी मी जव्हारची गाडी पकडली. जव्हारात उतरलो, अब्बांच्या ओट्यावर आता प्लास्टिकच्या बादल्या विकतात, तिथे न थांबता मोखाड्याची जीप धरली. माणसांवर माणसं बसलेली. शेजारच्या म्हाताऱ्याने, गौराबाईच्या लग्नाला चाललात काय, असं विचारलं, मी हो म्हणालो. काय सांगणार होतो? खोबऱ्याचा तुकडा देवाला परत करायला चाललोय?

देऊळ खरंच छोटं होतं. सिमेंटचा ओटा, चार लोखंडी खांब, वर पत्रा. मध्ये ती शेंदराची उभी गाठ, आता तिला चांदीच्या कागदाचे डोळे लावले होते. वर एक बल्ब. पाड्यातला तो पहिला बल्ब, आणि भर दुपारी जळत होता, कारण तो बंद करायचं बटण ओट्यावर नव्हतंच. ओट्याच्या समोरच्या अंगाला संगमरवराची पाटी बसवली होती. तिच्यावर काळ्या अक्षरांत, वीतभर उंचीत, पहिल्या ओळीलाच: हेमाडे स्विचगिअर लिमिटेड, मुंबई. पाच वर्षं मी जे नाव कोर्टासमोर ठेवू शकलो नाही ते तिथे इतकं ठळक होतं की जीपच्या रस्त्यावरून वाचता यावं. मला हसू आलं. ते हसू चांगलं नव्हतं, ते तोंडात कडू झालं. ओट्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि तिथेच खाली बसलो.

देवजी शेतावरून आला. बराच वाकला होता. "आलास?" म्हणाला, जणू मी गेल्या बाजाराला येऊन गेलो होतो. "छप्पर घातला त्यानी. पानी पडत होता देवावर." त्याला त्या माणसांचा राग नव्हता. ते कोण, हेही त्याला धड माहीत नव्हतं. मुंबईचे शेट म्हणे. बुधी मागून आली. हातात तेलाची वाटी आणि शेंदराची पुडी. त्या दिवशी अमावास्या होती हे मला तेव्हा कळलं. तिने वाटी ओट्यावर ठेवली आणि पाटीकडे बोट केलं. "वकीलदादा, ह्यो वाच. कोनी वाचून नाय दाखवला. सायेब आलं, नारळ फोडला, फोटू काढला, गेलं."

मी वाचलं. कंपनीचं नाव वाचलं. "यांच्या सौजन्याने" वाचलं. चुरीवकिलांचं नाव, शुभहस्ते म्हणून. गवंड्याचं नाव. तारीख.

"परत वाच."

परत वाचलं. या वेळी ती प्रत्येक नावाला थांबवत होती, हे कोण, ते कोण. पहिल्या ओळीला थांबली. "ह्ये कोन?"

"यांनीच ती नळी केली. हेच नाव पाहिजे होतं कोर्टाला."

देवजी पाटीकडे वाकून बघू लागला, जणू अक्षरांत त्याला चेहरा दिसणार होता. मी घाईघाईने सांगून टाकलं की आता उपयोग नाही. मुदत गेली, निकाल लागला. आणि देणगी म्हणजे कबुली नव्हे, देवळावर नाव लिहिलं म्हणजे नळीवर होतं असं होत नाही, चुरी हेच म्हणतील आणि कायद्याने त्यांचं बरोबर असेल. बोलत असताना माझाच आवाज मला नकोसा झाला. बुधीने ते काही ऐकलं नसावं. ती अजून पाटीच्या खालच्या ओळी चाचपत होती.

"आनि सुकीचा नाव कुठं हाय?"

"नाही," मी म्हणालो. "सुकीचं नाही."

"सगळ्यांचा हाय."

"हो."

"गवंड्याचा पन हाय."

मी मान हलवली.  तिने पुडी सोडली, शेंदूर वाटीत ओतला, तेलात बोटांनी कालवला. रोजच्या कामासारखा, घट्ट. आधी ओट्यावर चढून देवाला लावला, वरून खाली, नीट. मग ओट्यावरून खाली उतरली आणि वाटीत उरलेला शेंदूर हाताच्या तळव्याने पाटीवर फासला. पहिल्या ओळीवर. मग दुसऱ्या. कोपऱ्यातलं एक अक्षर राहिलं होतं तिथे अंगठा दाबून फिरवला. देवजीने तिला अडवलं नाही. मीही नाही. शेंदूर लागला होता, आता ती पाटीही देवच झाली. खरवडायची असेल तर मुंबईहून चाकू घेऊन कोणाला तरी यावं लागेल, आणि सगळ्यांसमोर ते करावं लागेल. मी चाकू मिटून दिला होता, बघू दे त्यांना कसं वाटतं ते.

तिने हात गवताला पुसला आणि माझ्याकडे वळली.

"आता वाच," म्हणाली.

मी पाटीकडे पाहिलं. "वाचता येत नाही," म्हणालो.

"मोठ्यानी बोल."

"वाचता येत नाही," मी मोठ्याने म्हणालो.